पान उघडतं माझ्या यंत्रावर

मराठी बातम्यांचं एखादं पान उघडलं की सर्व्हरकडून मजकूर येतो आणि त्यासोबत सूचनांचा भलामोठा गठ्ठा येतो. हे चित्र अमुक ठिकाणाहून आण, फाँट तमुक ठिकाणाहून घे, ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालव, कोपऱ्यात एक चौकट उघड, आणि त्या तिसऱ्याला कळव की कुणीतरी आलंय. या सगळ्या सूचना पाळत राबतो तो आपला ब्राउझर, आपल्या प्रोसेसरवर, आपल्या बॅटरीवर, आपण मारलेल्या रिचार्जवर. पान तयार होतं ते आपल्या यंत्रात. म्हणून त्यातल्या कुठल्या सूचना पाळायच्या आणि कुठल्या नाहीत, हे ठरवायचा हक्क यंत्राच्या मालकाचा आहे, असं मी मानते. जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉकरचा विषय निघाला की लोक आधी जाहिरातींचा वैताग सांगतात. वैताग आहेच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो हा हक्क, आणि तो बजावताना आपण कुणाच्या भरवशावर असतो, हा प्रश्न.

एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये लॉगर नावाची एक खिडकी आहे. बहुतेक लोक ती कधीच उघडत नाहीत. एकदा तरी उघडावी. पडद्याच्या अर्ध्या भागात लॉगर ठेवायचा, अर्ध्यात बातमीचं पान, आणि पान पुन्हा लोड करायचं. ओळी धावू लागतात. प्रत्येक ओळ म्हणजे ब्राउझरनं बाहेर केलेली एक मागणी. किती वाजता केली, कुठल्या नियमानं अडवली, चित्रासाठी होती की स्क्रिप्टसाठी की चौकटीसाठी, आणि शेवटी पूर्ण पत्ता. अडवलेल्या ओळी लालसर दिसतात. परवा मी कोयनेच्या पाणीसाठ्याची बातमी वाचत होते. किती टीएमसी पाणी आहे हे सांगणारा मजकूर अगदी पहिल्या काही ओळींतच येऊन पोचला होता. पुढचा सगळा पडदा लाल ओळींनी भरत गेला. त्यात एक ‘चित्र’ होतं, एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच. असलं चित्र कुणी बघावं म्हणून ठेवलेलं नसतं. ते मागवलं गेलं की मागवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक), त्याचा ब्राउझर, वेळ आणि पत्त्याच्या शेपटीला जोडलेलं पानाचं नाव पलीकडच्या नोंदीत जातं. त्याचं काम तेवढंच. मी पान खाली सरकवलं तशा आणखी ओळी आल्या. वाचक कुठवर पोचला, याची ती खबर होती.

धरणातलं पाणी वाचणाऱ्या बाईची खबर कुणाला कशाला हवी, असं वाटू शकतं. पण त्याच स्क्रिप्ट मधुमेहावरच्या लेखात असतात, कर्जाचा हप्ता काढायच्या पानावर असतात, गर्भपाताविषयी माहिती देणाऱ्या पानावरही असतात. २०१७ च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्वाधिक भेटी मिळवणाऱ्या ५०,००० संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ४८२ ठिकाणी अशा कंपन्यांच्या स्क्रिप्ट सापडल्या ज्या वाचकाचा पानावरचा पूर्ण वावरच टिपून ठेवू शकत होत्या: माउस कुठे फिरला, कुठे थांबला, रकान्यात काय टाइप केलं. ‘सबमिट’ दाबायच्याही आधी टाइप केलेलं. लिहून खोडलेलं वाक्यसुद्धा कुणाच्या तरी हाती लागू शकतं, हे कळल्यापासून मी कुठलाही फॉर्म पूर्वीच्या निर्धास्तपणे भरू शकत नाही.

हे सगळं सुरू झालं एका साध्या अडचणीतून. १९९४ साली नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली या तरुणासमोर प्रश्न होता की दुकानाच्या संकेतस्थळावर एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेलं गिऱ्हाईक तेच आहे, हे ओळखायचं कसं. त्यानं कुकी काढली, म्हणजे संकेतस्थळानं ब्राउझरमध्ये ठेवायची आणि नंतर परत वाचायची एक छोटी नोंद. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकणं सोपं होतं, पण तसं केलं तर सगळी संकेतस्थळं मिळून माणसाचा माग काढतील, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून ज्यानं कुकी ठेवली त्यालाच ती परत वाचता येईल अशी रचना त्यानं केली. त्या रचनेला एक फट राहिली. एकाच जाहिरात कंपनीची चौकट हजार संकेतस्थळांवर बसली, तर त्या हजारही ठिकाणी कुकी वाचणारी ती एकच. १९९७ च्या फेब्रुवारीत निघालेल्या कुकींच्या तांत्रिक मानकात या त्रयस्थ कुकी आपसूक चालू देऊ नयेत, अशी शिफारस स्पष्ट शब्दांत केलेली होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती बाजूला ठेवली. तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांचा धंदा त्या फटीवर उभा राहिला होता. पुढे गूगलनं हीच डबलक्लिक ३१० कोटी डॉलरना विकत घेतली. ॲपलच्या सफारीनं त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या त्या २०२० मध्ये. फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी आपसूक वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमनं २०२० मध्ये त्या काढून टाकायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. १९९७ चा शहाणपणा काही ब्राउझरांपर्यंत पोचायला पाव शतक लागलं.

त्या मधल्या काळात वाचकांचं रक्षण केलं ते कंपन्यांबाहेरच्या माणसांनी. २००२ मध्ये हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यानं ॲडब्लॉक लिहिलं. पण नुसतं अडवणारं यंत्र पुरत नाही, काय अडवायचं ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. २००५ मध्ये रिक पेटनेल यांनी ईझीलिस्ट नावाची यादी करायला घेतली. एका ओळीत एक नियम. या नावाच्या सर्व्हरकडे जाणारी मागणी अडव. या संकेतस्थळावरचा या नावाचा रकाना लपव. हा अपवाद, याला जाऊ दे, नाहीतर व्हिडिओ चालत नाही. २००९ मध्ये पेटनेल वारले. यादी थांबली नाही. इतरांनी ती हातात घेतली आणि आज जगातले बहुतेक सगळे ॲडब्लॉकर तिच्यावरच चालतात. माग काढणाऱ्या स्क्रिप्टसाठी तिची बहीण ईझीप्रायव्हसी आहे. आपल्याकडच्या भाषांमधल्या संकेतस्थळांसाठी इंडियनलिस्ट आहे, ती यूब्लॉक ओरिजिनच्या सेटिंगमध्ये ‘प्रदेश, भाषा’ या विभागात टिचकी मारून चालू करता येते.

ही यादी सांभाळणं हे किती चिवट काम आहे ते बाहेरून कळत नाही. जाहिरात कंपनी सर्व्हरचं नाव बदलते, मग नियम बदलावा लागतो. संकेतस्थळ रकान्याचं नाव दर वेळी नवं, अर्थहीन अक्षरांचं करतं, मग दुसरी खूण शोधावी लागते. कुणीतरी कळवतं की अमक्या बँकेचं लॉगिनचं बटण दिसेनासं झालंय. मग हजारो ओळींतून नेमकी कुठली ओळ त्याला कारण आहे ते शोधायचं, अपवाद लिहायचा, तो अपवाद लबाडीनं वापरला जाणार नाही ना ते बघायचं, आणि उद्या पुन्हा हेच. हे काम बहुतांशी विनामोबदला चालतं. मी वाचते त्या प्रत्येक स्वच्छ पानामागे अशा कुणाची तरी जागलेली रात्र आहे, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

यूब्लॉक ओरिजिन लिहिणारे रेमंड हिल कॅनडातले. २०१४ मध्ये त्यांनी यूब्लॉक प्रसिद्ध केलं, २०१५ मध्ये प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला, आणि त्याची दिशा पटेना तेव्हा स्वतःची शाखा वेगळी काढली. तीच ओरिजिन. ते देणग्या घेत नाहीत. द्यायचंच असेल तर याद्या सांभाळणाऱ्यांचा विचार करा, असं ते प्रकल्पाच्या पानावर सांगतात. या वृत्तीचं मोल कळायला शेजारची गोष्ट बघावी लागते. ॲडब्लॉक प्लस या दुसऱ्या ॲडब्लॉकरनं २०११ मध्ये ‘स्वीकारार्ह जाहिराती’ नावाची योजना आणली: सौम्य, न त्रास देणाऱ्या जाहिराती आपसूक दिसू द्यायच्या. कल्पना वाईट नव्हती. पण त्या यादीत राहण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले जाऊ लागले, आणि पैसे मोजणाऱ्यांत गूगलही होती. दारावर उभ्या केलेल्या माणसाचा पगार आत येऊ पाहणाऱ्यानं दिला, की त्या माणसाचा भरवसा संपला, असं माझं स्पष्ट मत आहे.

भरवशाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण एक्स्टेंशन ही फार मोठी सत्ता आहे. बसवताना ब्राउझर विचारतो: सगळ्या संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी द्यायची का? आपण घाईत हो म्हणतो. या होकारात आपली मेल येते, बँक येते, डॉक्टरांचा रिपोर्ट येतो. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी एक बनावट मार्केटिंग कंपनी उभी करून दलालांकडे नमुन्याचा डेटा मागितला. त्यांना सुमारे ३० लाख जर्मन लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास मिळाला. त्यातला बराच एक्स्टेंशनांनी गोळा केलेला होता, आणि वेब ऑफ ट्रस्ट हे त्यातलं एक, म्हणजे धोक्याची संकेतस्थळं ओळखून देतो म्हणणारं. नावं काढून टाकली आहेत, असं विकणारे सांगत होते. पण ट्विटरवरच्या स्वतःच्या आकडेवारीच्या पानाच्या पत्त्यातच तेव्हा वापरकर्त्याचं नाव असे. ते पान एकदा इतिहासात आलं की बाकीचा सगळा इतिहास कुणाचा ते उघड. एका न्यायाधीशाच्या अगदी खासगी सवयी अशा उघड्या पडल्या.

दुसरं उदाहरण ग्रेट सस्पेंडरचं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं हे क्रोमचं गुणी एक्स्टेंशन वीस लाखांहून जास्त लोक वापरत. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते कुणा अज्ञाताला विकलं. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलनं ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी मध्ये काहीच वेगळं केलं नव्हतं. नाव तेच, चिन्ह तेच, मालक बदललेला. म्हणून माझ्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशनं अगदी मोजकी आहेत. लेखक कोण, कोड उघडा आहे का, पैसा कुठून येतो, अलीकडे हस्तांतर झालंय का, एवढं बघितल्याशिवाय मी नवं काही घेत नाही. कुपन शोधून देणारी, पानाचा रंग बदलणारी, हवामान सांगणारी एक्स्टेंशनं तर नकोतच. त्यांच्याशिवाय काही अडत नाही.

हाच धोका दाखवून गूगलनं २०१८ च्या अखेरीस मॅनिफेस्ट व्ही३ चा, म्हणजे एक्स्टेंशनांसाठीच्या नव्या नियमांचा, आराखडा मांडला. जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणी बाहेर पडण्याआधी एक्स्टेंशनला विचारलं जाई आणि ते तिथल्या तिथे निर्णय घेई. नव्या पद्धतीत एक्स्टेंशननं नियम आधीच ब्राउझरकडे द्यायचे, ठरलेल्या साच्यात आणि ठरलेल्या संख्येत, आणि निर्णय ब्राउझर घेणार. याचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही: अडवण्यापुरतं काम करणाऱ्या एक्स्टेंशनला पान वाचायची गरजच उरत नाही. पण निर्णय ज्याच्या हाती गेला त्या कंपनीचं बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येतं, आणि साचा किती मोठा ठेवायचा तेही तीच ठरवते. २०२४ पासून क्रोमनं जुनी एक्स्टेंशनं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि २०२५ मध्ये आलेल्या १३९ व्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली. क्रोमसाठी हिल यांनीच यूब्लॉक ओरिजिन लाइट केलं आहे. क्रोम सोडणं ज्यांना शक्य नाही त्यांनी ते जरूर घ्यावं, काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. तरी पूर्ण ताकदीचं यूब्लॉक हवं तर फायरफॉक्स. काही माग काढणारे आता संकेतस्थळाच्याच नावाखाली लपतात. पत्ता वर्तमानपत्राचा दिसतो, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेत, त्याच्या मागे उभी असते दुसरीच कंपनी. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक डीएनएसला विचारून खरं नाव काढू शकतं. क्रोम त्याला ते विचारूच देत नाही. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, हे माझ्यासाठी आणखी एक कारण. मात्र फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं उत्पन्नही मुख्यतः गूगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतं, हे विसरून चालणार नाही. या बाबतीत पूर्ण स्वतंत्र असा मोठा ब्राउझर आज आपल्याकडे नाही, आणि याची मला काळजी वाटते.

आमच्या शेजारचे काका निवृत्त शिक्षक आहेत. गावच्या जमिनीचा सातबारा काढायला ते लॅपटॉप घेऊन बसले होते. मला हाक मारून म्हणाले, “अगं, हे आधार नंबर आणि मोबाइल दोन्ही मागतंय. देऊ का?”

“काका, थांबा. वरचा पत्ता वाचा बघू.”

पत्ता सरकारी नव्हता. शोधाच्या पानावर सगळ्यात वर जे आलं ते त्यांनी उघडलं होतं, आणि सगळ्यात वर होती जाहिरात. बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, पण सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना ते दिसावं कसं? त्यांच्या संमतीनं मी फायरफॉक्स आणि यूब्लॉक बसवून दिलं आणि तोच शोध परत घ्यायला लावला. आता पहिला पत्ता महाभूमीचा, म्हणजे सरकारी, आला. काका चष्मा वर करून म्हणाले, “मघाची ही वरची मंडळी गेली कुठे?” २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयनं नागरिकांना दिलेल्या सूचनेत नेमकं हेच होतं: शोधाच्या जाहिरातींतून भामटे खऱ्या कंपन्यांची सोंगं घेतात, तेव्हा इंटरनेटवर शोध घेताना जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरा. तंत्रज्ञानाची हौस असणाऱ्यांचं हे साधन आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांना मी काकांचं उदाहरण देते. याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना हे नावही माहीत नाही, त्यांना आहे.

अडवून न थांबणारी एक गोष्ट म्हणजे ब्राउझरचा ठसा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक नावाचा प्रयोग केला. लोकांनी आपला ब्राउझर घेऊन त्या पानावर यायचं. फाँट कुठले, पडदा केवढा, वेळेचा पट्टा कुठला, प्लगइन कोणते, एवढं जुळवून बघितलं तर ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. कुकीची गरजच नाही. त्यात भर म्हणजे ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत आपल्या पसंतीच्या भाषा सांगतो. माझ्या यादीत पहिली मराठी आहे. जगाच्या गर्दीत मराठी पहिली ठेवणारे ब्राउझर थोडे, म्हणजे माझा ठसा तेवढा सहज ओळखू येणारा. इंग्रजी वर घेतली तर मी गर्दीत थोडी मिसळेन, हे मला कळतं. तरी मराठी मी हलवलेली नाही. आपल्या भाषेत वाचायला मागणं ही पाळत ठेवायची खूण व्हावी, हे मला मान्य नाही. त्याऐवजी ठसे घेणाऱ्या स्क्रिप्टच यादीतून अडवायच्या, असा मार्ग मी धरलाय. त्यातून सगळ्या सुटत नाहीत.

जाहिराती अडवल्या तर मराठीत लिहिणाऱ्यांनी पोट कसं भरायचं, हा प्रश्न मला टोचतो आणि तो टोचायलाच हवा. मी दिवाळी अंक विकत घेते. त्यातल्या जाहिराती मी वाचते, आवडीनं वाचते: सहकारी बँका, पुस्तकांची प्रकाशनं, सराफ, मसाले. त्या जाहिरातीला मी कोण आहे ते ठाऊक नसतं. मी कथा वाचून डोळे पुसले की पान उलटलं, ते ती सांगायला जात नाही. छापील अंक शतकाहून अधिक काळ असे चालत आले. संकेतस्थळानं स्वतःच्या सर्व्हरवरून, वाचकाचा माग न काढता जाहिरात लावली, तर मी त्या पानासाठी यूब्लॉकचं मोठं बटण दाबून ते बंद ठेवते. काही ठिकाणी ठेवलंही आहे. वर्गणी मागणाऱ्या मराठी संकेतस्थळांना जमेल तेवढी वर्गणी देते. पण लेखाची किंमत म्हणून माझ्या आजारपणाची, कर्जाची, वाचनाची नोंद कुणाला विकायला मी तयार नाही. आणि तो सौदा मला कधी कुणी उघडपणे विचारलेलाही नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा तो निकाल. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. दोन्हींचं मला मोल आहे. पण पान उघडतं त्या सेकंदाला तिथे कायदा हजर नसतो. तिथे हजर असते ती ईझीलिस्टमधली एक ओळ.

मोबाइलवर काय, हे सगळे विचारतात, कारण आपल्याकडे बहुतेकांचं वाचन तिथेच होतं. अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेंशन बसत नाही. फायरफॉक्सला बसतं, आणि यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीनं चालतं. बसवल्यावर फायरफॉक्सला फोनचा मुख्य ब्राउझर करायला विसरू नका, नाहीतर मेसेजमधले दुवे जुन्याच ठिकाणी उघडत राहतील. आयफोनवर सफारीला २०१५ पासून जाहिराती अडवणारी ॲप जोडता येतात, आणि आता यूब्लॉक ओरिजिन लाइटही मिळतं. अडचण येते ती ॲपच्या पोटात उघडणाऱ्या पानांची. २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या अभियंत्यानं दाखवून दिलं की इन्स्टाग्राम आपल्या आतल्या खिडकीत उघडलेल्या प्रत्येक पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवतं. तिथे तुमचं एक्स्टेंशन पोचत नाही. त्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो, तो दाबायची सवय मी घरात सगळ्यांना लावते आहे. आणि वीजबिल, वर्तमानपत्र, खरेदी, जिथे जिथे ॲपशिवाय भागतं, तिथे ॲप काढून टाकून संकेतस्थळाचाच दुवा आत्याच्या फोनच्या पडद्यावर ठेवून दिलाय.